लायब्ररी सापडत नाही : चार त्रुटी आणि त्यांची उकल

लिनक्सवर सोर्सपासून प्रोग्राम बनवताना लाल अक्षरांत त्रुटी आली की अनेक विद्यार्थी पूर्ण सिस्टिम पुन्हा टाकतात, किंवा नेटवरून मिळेल ती फाइल उतरवून घेतात. दोन्हीची गरज नसते. लायब्ररी ‘नाही’ हे नेमके कोण सांगत आहे, हे ओळखले की उपाय सापडतो. उदाहरण म्हणून टेसरॅक्ट घेऊ. हा प्रोग्राम स्कॅन केलेल्या पानावरील मराठी मजकूर ओळखतो. चित्रे हाताळण्यासाठी तो लेप्टोनिका ही लायब्ररी वापरतो. (येथे आज्ञा देवनागरीत लिहिल्या आहेत, टर्मिनलवर त्या रोमन लिपीत टंकाव्यात.)

१. कॉन्फिगर थांबते

‘लेप्टोनिका आवश्यक आहे’ असा संदेश येतो. विद्यार्थी म्हणतो, “सर, लेप्टोनिका तर आधीच आहे.” त्याचे म्हणणे खरे असते, पण अपुरे. उबुंटू व डेबियनमध्ये एका लायब्ररीची निदान दोन पॅकेजे असतात. पहिले तयार प्रोग्राम चालवण्यासाठी. दुसऱ्याच्या नावाशेवटी ‘-डेव्ह’ असते (फेडोरात ‘-डेव्हल’). त्यात हेडर फाइली आणि पीकेजी-कॉन्फिगला लागणारी माहिती असते. कंपाइल करायला हे दुसरे लागते. म्हणून लिबलेप्टोनिका-डेव्ह टाकावे. तरीही अडले तर कॉन्फिग.लॉग ही फाइल उघडावी. कोणती तपासणी फसली ते त्यात असते.

२. हेडर फाइल सापडत नाही

येथे कंपायलर बोलत आहे. कारण बहुधा वरचेच. फाइल कोणत्या पॅकेजात आहे ते एपीटी-फाइल या साधनाने शोधता येते. ती वेगळ्या फोल्डरमध्ये असेल तर ‘-आय’ (मोठे अक्षर) देऊन मार्ग सांगावा.

३. ‘अनडिफाइन्ड रेफरन्स’

आता लिंकर बोलत आहे. फंक्शनची घोषणा कंपायलरला मिळाली, पण लिंकरला प्रत्यक्ष कोड मिळाला नाही. सीमध्ये वर्गमूळ काढणारे फंक्शन वापरताना ‘-एलएम’ विसरल्यास हेच होते. क्रमही महत्त्वाचा आहे: लिंकर डावीकडून उजवीकडे वाचतो, म्हणून लायब्ररीचे नाव सोर्स फाइलच्या नंतर लिहावे.

४. प्रोग्राम बनला, पण चालत नाही

इन्स्टॉलनंतर ‘शेअर्ड लायब्ररी उघडता येत नाही’ असा संदेश आला, तर कंपायलरचे काम संपलेले आहे. लोडरला नवी फाइल माहीत नाही. एलडीडी ही आज्ञा त्या प्रोग्रामवर चालवावी. ‘नॉट फाउंड’ असलेली ओळ म्हणजे दोषी. लायब्ररी ‘/यूएसआर/लोकल/लिब’मध्ये असेल, तर सुडो एलडीकॉन्फिग चालवून लोडरची यादी ताजी करावी. कॉलेजच्या प्रयोगशाळेत सुडोचा अधिकार नसेल, तर कॉन्फिगरला ‘--प्रीफिक्स’ देऊन आपल्या होम फोल्डरमध्येच इन्स्टॉल करावे आणि एलडी_लायब्ररी_पाथ या चलात तेथील ‘लिब’ फोल्डरचा मार्ग भरावा.

एक चूक कटाक्षाने टाळा. प्रोग्राम आवृत्ती ५ मागत असेल आणि आपल्याकडे ४ असेल, तर ४ ला ५ चे नाव देणारी लिंक करू नका. हा आकडा बदलतो तो लायब्ररीची अंतर्गत मांडणी बदलल्यामुळेच. प्रोग्राम कोसळला तर नशीब. गुपचूप चुकीचे उत्तर दिले तर प्रोजेक्टचे निकालच खोटे ठरतात.

टेसरॅक्ट सुरू झाल्यावर ‘मराठीची डेटा फाइल उघडता येत नाही’ असे आले, तर ती लायब्ररीची त्रुटी नव्हे. मराठीची प्रशिक्षित फाइल टेसडेटा फोल्डरमध्ये ठेवावी. तेथील ‘-एल’ म्हणजे भाषा; जीसीसीतील ‘-एल’ म्हणजे लायब्ररी.

सराव : सीमध्ये २.० चे वर्गमूळ काढणारा प्रोग्राम ‘-एलएम’शिवाय कंपाइल करा. मग २.० ऐवजी वापरकर्त्याकडून संख्या घ्या. पहिला बनतो, दुसरा अडतो. का? (सूचना : पहिले उत्तर कंपायलर स्वतःच काढून ठेवतो.)