बुरशीखाली दडलेले दप्तर

लोणावळ्याजवळची भुशी पाहिली नाही, असा मुंबईकर वा पुणेकर विरळाच. आषाढ-श्रावणात धरणाच्या पायऱ्यांवरून पाणी उतरू लागले, की त्याबरोबर माणसांचाही पूर लोटतो. आगगाडीच्या वाफेच्या इंजिनांना पाणी मिळावे म्हणून रेल्वेने हे धरण बांधले. ती इंजिने गेली, पाणी राहिले आणि भजी-कणसे खाणारे आले! पण येथे बारा महिने बिऱ्हाड करून राहणाऱ्यांना विचारा. त्यांच्या लेखी हा पाऊस नुसता पाहण्याचा नसतो, तो घरात शिरतो. चपलांना बुरशी चढते, मिठाला पाणी सुटते, पुस्तकांना कुबट वास येतो. आणि जुन्या फ्लॉपी चकत्यांचे काय होते, ते मी गेल्या वर्षी माझ्या मामांच्या घरी पाहिले.

मामा १९८८ साली शिक्षणासाठी अमेरिकेस गेले, पुढे तेथेच नोकरीस लागले आणि निवृत्तीनंतर भुशीला येऊन राहिले. दिवाळीपूर्वीच्या साफसफाईत मामीने कपाटातून एक पत्र्याचा डबा काढला. त्यात साडेतीन इंची एकतीस फ्लॉप्या होत्या.

“ह्यांचं हे भंगार तेवढं घेऊन जा गं बाई,” मामी मला म्हणाली. “इतकी वर्षं डांबरगोळ्या घालून सांभाळलंय.”

“भंगार काय म्हणतेस?” मामा एकदम उसळले. “आमच्या तरुणपणाचं दप्तर आहे ते!”

दप्तर हा शब्द ऐकताच मराठीच्या प्राध्यापिकेचे कान टवकारले, हे सांगणे नकोच. डब्यावर मामांच्या अक्षरात लिहिले होते : ‘गप्पा’.

तारेवरची चावडी

या गप्पा कसल्या, ते तरुण वाचकांना थोडे उलगडून सांगितले पाहिजे. टॉम ट्रस्कॉट आणि जिम एलिस या दोन अमेरिकन विद्यार्थ्यांनी १९७९ साली ‘यूजनेट’ची कल्पना मांडली. एका विद्यापीठाच्या संगणकावर लिहिलेला मजकूर दुसऱ्या विद्यापीठाच्या संगणकावर उतरायचा, तेथून तिसऱ्या. विषयवार गट पडत. ‘सोक.कल्चर.इंडियन’ हा भारतीयांचा गट, आणि नव्वदीच्या दशकात त्याच्या जोडीला मराठी माणसांचाही गट आला. भारतात सर्वसामान्य माणसाला इंटरनेट मिळाले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगममार्फत. त्यामुळे या चावडीवर सुरुवातीला बसली ती मुख्यतः परदेशी शिकणारी आणि नोकरी करणारी मंडळी.

गणपतीची मूर्ती कोठे मिळते, नारळाऐवजी सुके खोबरे वापरले तर मोदक फुटतात का, हिवाळ्याच्या सुट्टीत मुंबईचे तिकीट स्वस्त कसे पडेल, असले प्रश्न. मधूनच नाटकावर कडाक्याचा वाद. सगळे मराठीत, पण रोमन लिपीत. आता रोमनमधली ‘पी’, ‘ए’, ‘टी’ ही तीन अक्षरे घ्या. त्यांतून पत, पात, पट, पाट हे चारही शब्द निघतात! ही पंचाईत दूर व्हावी म्हणून अविनाश चोपडे यांनी ‘आयट्रान्स’ नावाची लिप्यंतराची पद्धत तयार केली. दीर्घ स्वर दोनदा लिहावा, ‘ट’साठी मोठे अक्षर वापरावे, असे तिचे नियम. काही जण ते काटेकोरपणे पाळीत, तर काही जण संदर्भावर भिस्त ठेवीत.

हे सारे टिकत मात्र नसे. संगणकातील जागा महाग, म्हणून जुने संदेश काही दिवसांनी पुसले जात. शिक्षण संपले, की विद्यापीठाचे खातेही बंद होई. ज्याला जपायचे असेल त्याने आपल्या फ्लॉपीवर उतरवून घ्यावे.

टोरांटोचा फितींचा साठा

मामांसारखा, पण फार मोठ्या प्रमाणावर हा उद्योग करणारा एक गृहस्थ कॅनडात होता. टोरांटो विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागातील संगणकाची व्यवस्था पाहणारे हेन्री स्पेन्सर यांनी १९८१ पासून सुमारे दहा वर्षे यूजनेटचे संदेश चुंबकीय फितींवर साठवले. त्या १४१ फिती झाल्या. पुढे त्या वाचून त्यांतून सुमारे वीस लाख संदेश बाहेर काढण्यात आले आणि २००१ साली गूगलने आपल्या संग्रहात ते सर्वांना खुले केले. त्या चावडीची पहिली दहा वर्षे आज वाचता येतात, त्याचे फार मोठे श्रेय या एका माणसाच्या संग्राहक वृत्तीला आहे. आपल्याकडे इतिहासाचार्य राजवाडे घराघरांतून दप्तरे मिळवीत हिंडले. स्पेन्सर यांनी ती दप्तरे होता होताच बांधून ठेवली.

गूगलने फेब्रुवारी २०२४ पासून यूजनेटचा नवा मजकूर घेणे थांबवले. जुना मात्र वाचायला ठेवला आहे. पण खासगी टपाल-याद्या आणि गावोगावच्या मंडळांची पत्रके अशा संग्रहात सहसा आलीच नाहीत. ती असलीच, तर कोणाच्या तरी माळ्यावर.

चकतीचे अंतरंग

माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याला यंत्रे उघडून बसण्याचा नाद आहे. त्याला भुशीस बोलावले. मी उत्साहाने पहिली फ्लॉपी यंत्रात सरकवू लागले, तोच त्याने माझा हात धरला. “मॅडम, आधी बघू या.” त्याने चकतीचे धातूचे झाकण सरकवले. आतल्या काळसर चकतीवर पांढुरक्या ठिपक्यांची रांगोळी दिसली. ती बुरशी होती.

फ्लॉपीतील चकती प्लॅस्टिकची असते आणि तिच्यावर चुंबकीय कणांचा लेप असतो. यंत्रात ती मिनिटाला तीनशे फेरे घेते आणि वाचणारा दांडा तिला प्रत्यक्ष टेकतो. बुरशी असेल, तर ती दांड्याला चिकटते आणि दांडा लेप खरवडतो. एका चकतीचा नाश होतोच, वर तोच मळ पुढच्या चकतीला लागतो. म्हणून त्याने कवच उघडून चकत्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने हलक्या हाताने पुसल्या, वाळवल्या आणि स्वच्छ कवचात घातल्या. कोपऱ्यातील छोटी खिडकी उघडी ठेवली, म्हणजे चुकूनही त्यावर नवे काही लिहिले जाऊ नये.

अशा एका चकतीवर दोन्ही बाजूंना ऐंशी-ऐंशी वर्तुळे, प्रत्येक वर्तुळाचे अठरा भाग, असे एकूण २,८८० भाग असतात. एका भागात ५१२ रोमन अक्षरे मावतात. साधारण एका पोस्टकार्डाचा मजकूर म्हणा. एक भाग गेला, की एक पोस्टकार्ड गेले! साधे यंत्र अडखळले, की आमचा विद्यार्थी दुसरे उपकरण जोडी. ते अक्षरे वाचीत बसत नाही. चकतीवरील चुंबकाच्या उलटापालटीच तेवढ्या टिपून ठेवते आणि त्यांचा अर्थ मागाहून लावता येतो. दोन दिवसांत एकोणीस चकत्या पूर्ण उतरल्या, सात अर्ध्यामुर्ध्या, आणि पाच गेल्या त्या गेल्याच.

अपुरी राहिलेली यादी

त्या सातांपैकी एकीवर १९९३ सालचे ऑक्टोबरचे संदेश होते. ३० सप्टेंबरच्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला. परदेशी असलेली मुले एकमेकांना विचारीत होती : लातूरचा फोन लागतो का? उमरग्याकडची काही बातमी? मग मदतीची वर्गणी सुरू झाली. कोणी पाच डॉलर, कोणी दहा. एकाने महिन्याचा जेवणखर्च दिला होता. मामा यादी ठेवीत होते. नावापुढे गाव, गावापुढे रक्कम. त्रेचाळिसाव्या नावावर मजकूर संपला. त्यापुढे बुरशी.

मामा बराच वेळ पडद्याकडे पाहत राहिले. “पुढे निदान तीस तरी नावं होती,” ते म्हणाले. “आता कोण सांगणार?”

भुशीहून थोड्याच अंतरावर कार्ले आहे. तेथील चैत्यगृहाच्या खांबांवर दात्यांची नावे कोरलेली आहेत. त्यांत धेनुकाकट गावचे यवन आहेत. दारावरच्या लेखांत एक सुगंधी द्रव्यांचा व्यापारी आहे, एक सुतार आहे. आपल्या घरापासून दूर आलेल्या साध्या माणसांनी एका सामायिक कामाला दिलेली ही वर्गणीच. सुमारे दोन हजार वर्षे झाली, तरी नावे शाबूत आहेत. आमची यादी तीस वर्षेही टिकली नाही.

पण दगडावरची अक्षरेदेखील मधली कित्येक शतके मुकीच होती. १८३७ साली जेम्स प्रिन्सेप यांनी ब्राह्मी लिपीचा उलगडा केला, तेव्हा ती बोलू लागली. चकत्यांनाही हाच न्याय लागतो. मामांच्या १९९६ च्या दोन फ्लॉप्यांवर देवनागरीत टंकलेले मंडळाचे पत्रक होते. उघडले, तर पडद्यावर रोमन अक्षरे आणि चिन्हांचा कालवा! युनिकोड रूढ होण्यापूर्वी प्रत्येक फॉन्टची मांडणी निराळी असे. एकाचा ‘क’ दुसऱ्याचा काना ठरे. तो फॉन्ट सापडला तेव्हा कोठे संपादकीय वाचता आले. मोडी वाचणारा नसेल, तर बखर रद्दीच ठरते, तसेच हे. कागद, यंत्र आणि लिपी, तिन्ही हाताशी असली तरच दप्तर जिवंत.

माळ्यावरचा डबा

वाचकहो, सोनीने फ्लॉपीची विक्री २०११ साली थांबवली. तिला वाचणारी यंत्रे दरवर्षी कमी होत आहेत आणि पावसाळा मात्र दरवर्षी येतो आहे. यंदा माळा आवरताना असा डबा हाती आला, तर तो रद्दीवाल्याच्या तराजूत टाकू नका. यंत्रातही घाईने घालू नका. कोरड्या जागी ठेवा आणि जाणत्याला दाखवा. उतरलेल्या मजकुराच्या दोन प्रती दोन घरांत ठेवा. मात्र त्यातील पत्रे इतरांचीही आहेत, हे विसरू नका. लिहिणाऱ्याला विचारल्यावाचून ती चारचौघांत वाचू नयेत.

आणि आणखी एक. ज्याने तो डबा भरला तो माणूस अजून घरात असेल, तर त्याच्याजवळ वही घेऊन बसा. आम्ही तसे बसलो. मामांना आणखी अकरा नावे आठवली. ती मी शाईने कागदावर उतरवून घेतली आहेत.