ओळंब्याला लागलेली ओढ

गवंडी भिंत रचताना ओळंबा सोडतो. दोरी हलायची थांबली, की सरळ खाली म्हणजे कुठे हे तीच सांगते. तिच्यावर कोण शंका घेणार?

एकोणिसाव्या शतकात जॉर्ज एव्हरेस्ट यांनी हिंदुस्थानची मोजणी चालवली, तेव्हा सिरोंजजवळचं कलियानपूर आणि हिमालयाच्या बाजूचं कलियाना यांच्या अक्षांशांतला फरक दोन वाटांनी काढला गेला. एकदा जमिनीवर त्रिकोण जोडत, एकदा ताऱ्यांवरून. दोन्ही उत्तरं 5 अंश 23 मिनिटांपर्यंत जुळली. पुढे मात्र 5.236 सेकंदांची तफावत उरली, म्हणजे जमिनीवर साधारण 160 मीटर.

हात हलला, डोळा चुकला, तर चूक कधी इकडे पडते, कधी तिकडे. पुन्हा पुन्हा मोजून सरासरी घेतली की ती बरीचशी फिटते. पण साधनच एका बाजूला कललं असेल, तर शंभर वेळा मोजा, शंभर वेळा तीच चूक पदरात पडते. वर आकडे एकमेकांशी इतके छान जुळतात की आपली खात्री वाढतच जाते! मला हीच चूक सर्वांत भयंकर वाटते.

ताऱ्याची उंची मोजायची तर डोक्यावरचा नेमका बिंदू हवा, आणि तो ठरतो ओळंब्यावरून. कलियानात ओळंब्याला हिमालय आपल्याकडे ओढत होता.

कलकत्त्याचे आर्चडीकन जॉन प्रॅट यांनी या ओढीचा हिशेब मांडला. डोळ्यांना दिसणाऱ्या पर्वतांच्या वस्तुमानावरून दोन ठिकाणच्या ओढीत 15.885 सेकंदांचा फरक पडायला हवा होता. म्हणजे पडलेल्या तफावतीच्या तिप्पट! एवढा अजस्र हिमालय, आणि ओढ इतकी कमी?

1855 मध्ये खगोलशास्त्रज्ञ जॉर्ज एअरी यांनी उत्तर सुचवलं. त्यांनी दाखला दिला पाण्यावरच्या ओंडक्यांच्या तराफ्याचा. जो ओंडका पाण्यावर जास्त उंच दिसतो, तो खालीही जास्त खोल बुडालेला असतो. पर्वतालाही तसंच मूळ असतं. ते हलक्या खडकाचं, जड थरात रुतलेलं. वरचा डोंगर ओळंब्याला जेवढं खेचतो, त्यातलं बरंचसं खालचा हा हलकेपणा वजा करतो.

पुढे भूकंपाच्या लहरींनी ते मूळ खरोखरच दाखवलं. भारताच्या बऱ्याच भागात पृथ्वीचं कवच 35 ते 40 किलोमीटर जाड आहे. तिबेटच्या पठाराखाली ते 70 किलोमीटरच्या आसपास जातं.