कुलूप, रीळ आणि हलका हात

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. दूधवाल्याची हाक आली म्हणून पातेलं घेऊन दाराबाहेर पाऊल टाकलं आणि वाऱ्याने दार धाडकन लागलं. लॅचचं दार! किल्ली आत, गॅसवर भाजी आणि पाळण्यात सहा महिन्यांचा नातू. मी बाहेर, हातात पातेलं. शेजारच्या मुलाने धावत जाऊन चौकातल्या चावीवाल्या भाऊंना आणलं. त्यांनी दोन तारा घातल्या, पाच मिनिटांत दार उघडलं. भाजी करपली होती, बाळ झोपेतच होतं. पण ती पाच मिनिटं आणि आधीची वीस... आजही आठवलं की पोटात गोळा येतो.

सगळे विसरले. माझ्या डोक्यात मात्र भुंगा लागला. ज्या दाराच्या भरवशावर आपण बिनघोर झोपतो, ते दोन तारांनी उघडलंच कसं? आठ दिवसांनी भाऊंकडे गेले. आधी ते हसले. मग भंगारातलं एक कुलूप हातात ठेवत म्हणाले, "ताई, आधी हे उघडा. पण एक नियम. कुलूप आपलंच हवं, आणि दाराला लावलेलं नको."

घरात थट्टा सुरू झाली. हे म्हणाले, "पोलीस आले तर मी ओळख दाखवणार नाही हं!"

कुलपाच्या आत पाच छोट्या पिना असतात, प्रत्येकीच्या डोक्यावर दुसरी पिन आणि स्प्रिंग. योग्य किल्ली सगळ्या जोड्यांचे सांधे एका रेषेत आणते, तेव्हाच आतला गोल फिरतो. वाकडी पट्टी घालून त्या गोलाला किंचित ताण द्यायचा आणि तारेने एकेक पिन उचलायची. एवढंच! साधं कुलूप मला महिन्याभरात जमलं. तेही आमच्या दारावरच्याच जातीचं. मग मात्र मी घाबरले आणि भाऊंच्या सल्ल्याने चांगली दोन कुलपं आणली. एक दाराला, एक माझ्या टेबलावर.

या नव्या कुलपाने रडवलं. त्यातल्या काही पिना मधे बारीक, अगदी शिवणाच्या रिळासारख्या. गोल जरासा फिरतो, वाटतं उघडलं! पण रीळ अडकलेली असते. जोर लावावा तेवढी ती घट्ट बसते. ताण हळूच सोडावा लागतो, गोल थोडा मागे येऊ द्यावा लागतो. जास्त सोडला की बाकीच्या पिना खाली. पुन्हा पहिल्यापासून!

लंडनमध्ये १८५१ साली हॉब्ज नावाच्या अमेरिकन कारागिराने ब्रामा कंपनीचं गाजलेलं कुलूप उघडलं. त्याला १६ दिवसांत मिळून सुमारे ५१ तास लागले. मला लागले सात महिने. एका दुपारी, सगळे बाहेर असताना, 'टक्' आवाज झाला आणि गोल फिरला. सांगायला घरात कोणी नव्हतं. मी एकटीच हसले.

मैत्रिणींनो, आता मला ठाऊक आहे, आमच्या दारावर काय बसवलंय आणि ते का बसवलंय. हात हलका ठेवायलाही शिकले. तरीही बाहेर पाऊल टाकण्याआधी लॅचची खिट्टी अडकवते आणि एक किल्ली शेजारच्या वहिनींकडे ठेवते. गॅसवर भाजी असताना सात महिने कोण थांबणार?