'दर्या' दरीतून आलेला नाही

दरी खोल, समुद्रही खोल, म्हणून 'दरी'वरून 'दर्या' हा शब्द आला, असं अनेकांना वाटतं. या समजुतीला शुद्धलेखनातली एक चूकही खतपाणी घालते. 'दऱ्याखोऱ्या' लिहिताना सर्रास रफार देऊन 'दर्याखोर्‍या' केलं जातं आणि सह्याद्रीत समुद्र घुसतो! 'दऱ्या' हे 'दरी'चं अनेकवचन. दरी हा शब्द संस्कृत, चिरणे-फाडणे या अर्थाच्या धातूवरून आलेला. तिथे अर्धा 'र' आडवा काढायचा आणि 'द'वर जोर द्यायचा नाही. समुद्राच्या 'दर्या'त 'द'वर आघात येतो. आचाऱ्यांना आणि आचार्यांना यांत जो फरक, तोच इथे.

'दर्या' अरबी आहे, असंही सांगितलं जातं. अरबीत समुद्राला 'बहर' म्हणतात. 'दर्या' फारसी आहे, आणि फारसीतही फार जुना. हखामनी राजांच्या शिलालेखांतल्या प्राचीन पर्शियनमध्ये समुद्राला 'द्रयह्' म्हटलंय, अवेस्तात 'झ्रयह्'. वेदांतला विस्तार या अर्थाचा 'ज्रयस्' हा याच कुळातला. म्हणजे ज्याला आपण परका म्हणतो, त्याचं संस्कृतशी लांबचं नातं निघतं. शिवरायांच्या आरमारात 'दर्यासारंग' ही पदवी होती, ती या फारसी शब्दावरूनच.

दर्या म्हणजे समुद्रच, हेही सगळीकडे खरं नाही. फारसीत मोठ्या नदीलाही दर्या म्हणतात. मध्य आशियातल्या अमू दर्या आणि सीर दर्या या नद्याच आहेत. कोल्हारला नगर-मनमाड रस्त्यावरून प्रवरा ओलांडणारा पंजाबी ट्रकचालक आपल्या भाषेत नदीला 'दरिया'च म्हणेल. मराठी माणूस प्रवरेला दर्या म्हणणार नाही. आपल्याकडे शब्दाचा समुद्र हा अर्थ तेवढा टिकला.

आता 'समुद्र'. 'मुद्रांसह तो समुद्र', म्हणजे आत धन असलेला, ही फोड ऐकायला गोड आहे, पण शब्द 'सम्' आणि पाणीवाचक 'उद्' यांपासून झालेला: एकत्र आलेलं पाणी. 'उदक' त्याच घरातला. 'सागर' मात्र परंपरेने सगर राजाच्या कथेशी जोडला जातो. प्रवरा गोदावरीला मिळते तिथवर ज्याचा फुगवटा येतो, त्या जायकवाडीच्या जलाशयालाही आपण संत एकनाथांच्या नावाने 'नाथसागर' म्हणतो.

शिक्षकांना एक विनंती: 'दर्या' आणि 'दऱ्या' फळ्यावर शेजारी शेजारी लिहा आणि मुलांकडून मोठ्याने वाचून घ्या.