पाहुण्यांचं दार मागच्या गल्लीत

इंग्लंडमध्ये शनिवारी दुपारी पावणेतीन ते सव्वापाच या वेळात फुटबॉलचा सामना टीव्हीवर सहसा थेट दाखवत नाहीत. १९६०च्या दशकापासून चालत आलेली ही प्रथा आहे छोट्या क्लबांसाठी. लोकांनी सोफा सोडावा, तिकीट काढावं, गावातल्या मैदानावर यावं. पण खरी मजा दुसऱ्याच्या गावात जाण्यात आहे. प्रीमियर लीगच्या खाली तीन डिव्हिजनांत ७२ क्लब आणि त्यांच्याखाली आणखी शेकडो. गळ्यात स्कार्फ घाला, ट्रेन पकडा आणि पाहुणे म्हणून जा.

ही पाहुणेगिरी पार १८६० इतकी जुनी. त्या वर्षी २६ डिसेंबरला शेफिल्ड एफसीची मंडळी सँडीगेट रोडवर हॅलम क्लबशी खेळायला गेली आणि २-० असं जिंकून परतली. शेफिल्ड हा जगातला सर्वांत जुना फुटबॉल क्लब, स्थापना १८५७. हॅलम आजही त्याच मैदानावर खेळतो, आणि मैदानाला चक्क उतार आहे! एका अर्ध्यात चढावर पळायचं, दुसऱ्यात उतारावर.

अशा नॉन-लीग, म्हणजे त्या ७२ क्लबांच्याही खालच्या, मैदानांवर पाहुण्यांना बऱ्याचदा वेगळा कोपरा नसतो. आपला संघ ज्या गोलवर हल्ला करणार, त्याच्यामागे जाऊन उभं राहायचं. मध्यंतराची शिट्टी झाली की कठड्याला बांधलेले झेंडे सोडायचे, चहाचा कागदी कप सांभाळायचा आणि मैदानाला वळसा घालून पलीकडच्या गोलमागे जायचं. यजमान समोरून येत असतात. ‘लांबून आलात का?’ अशी विचारपूस होते. दहा मिनिटांपूर्वी हीच माणसं एकमेकांच्या गोलकीपरला सळो की पळो करून सोडत होती. मला हा वळसा सामन्याइतकाच आवडतो.

आता ल्यूटन. १९०५पासूनचं केनिलवर्थ रोड मैदान घरांच्या गराड्यात अडकलेलं आहे. ओक रोडवर एकमेकांना चिकटलेल्या घरांची रांग, आणि त्या रांगेतच पाहुण्यांचं प्रवेशद्वार. आत शिरून लोखंडी जिना चढलं की दोन्ही अंगांना लोकांची परसं. दोरीवरचे कपडे, भिंतीला टेकवलेली सायकल, एखाद्या खिडकीतून दिसणारं स्वयंपाकघर. बघू नये असं वाटतं, पण नजर जातेच. आणि याच ल्यूटनने १९८५मध्ये इथे झालेल्या समर्थकांच्या दंगलीनंतर, १९८६पासून चार हंगाम पाहुण्या समर्थकांना पूर्ण बंदी घातली होती. २०२३मध्ये क्लब प्रीमियर लीगमध्ये पोहोचला, तेव्हा मँचेस्टर सिटीचे समर्थकही हाच जिना चढून गेले. मग २०२४ आणि २०२५ अशा लागोपाठ दोन घसरणी झाल्या आणि क्लब तिसऱ्या डिव्हिजनमध्ये आला. आता नव्या स्टेडियमचं काम चालू आहे. जुना जिना तुटायच्या आत एकदा तरी चढून यावा.

बिअरचा नियम लक्षात ठेवा. १९८५च्या कायद्यानुसार वरच्या पाच पातळ्यांवर मैदान दिसेल अशा जागी दारू पिता येत नाही, म्हणून मध्यंतरात सगळे स्टँडखाली गर्दी करतात. सहाव्या पातळीपासून ग्लास हातात घेऊन खुशाल सामना बघा.

खायला मांसाची गरमागरम पाई आणि बोव्हरिल. बोव्हरिल म्हणजे गरम पाण्यात कालवलेला गोमांसाचा अर्क, तेव्हा ज्यांना चालत नाही त्यांनी सावध राहावं. शाकाहाऱ्यांनी थेट नेल्सवर्थची टेकडी चढावी. फॉरेस्ट ग्रीन रोव्हर्सच्या मैदानावर २०१५पासून सगळंच व्हीगन मिळतं. पाई तीच, पण दूध-तूपसुद्धा नाही.

चेंडू नदीत गेला तर? श्रूसबरीच्या जुन्या गे मेडो मैदानाला खेटून सेव्हर्न नदी वाहायची. फ्रेड डेव्हिस नावाचे गृहस्थ टोपलीसारख्या गोल होडीत बसून चेंडू काढून आणायचे. २००७मध्ये क्लबने ते मैदान सोडलं.

ॲक्रिंग्टनची गोष्ट तर कादंबरीत शोभावी. १९६२मध्ये ॲक्रिंग्टन स्टॅन्ली कर्जापायी लीगमधून बाहेर पडला आणि त्याची जागा ऑक्सफर्ड युनायटेडला मिळाली. पुढे जुना क्लब बुडाला, त्याच नावाने नवा उभा राहिला आणि २००६मध्ये पुन्हा लीगमध्ये वर आला. त्याच वर्षी खाली कोण गेलं? ऑक्सफर्ड!

आणि ग्रिम्सबी टाउन. हा क्लब ग्रिम्सबीत खेळतच नाही. त्याचं ब्लंडेल पार्क शेजारच्या क्लीथॉर्प्सला आहे, म्हणजे यजमानही दर सामन्याला परगावीच. वरच्या स्टँडमधून हंबरच्या खाडीतली जहाजं दिसतात. मासेमारीचं बंदर, म्हणून समर्थक हवा भरलेले प्लास्टिकचे हॅडॉक मासे घेऊन येतात. त्या माशाचं नाव हॅरी. २७ ऑगस्ट २०२५ला लीग कपमध्ये तिथे पाहुणा म्हणून मँचेस्टर युनायटेड आला. सामना २-२, पेनल्टी शूटआउट १२-११, आणि चौथ्या डिव्हिजनचा ग्रिम्सबी जिंकला. क्षणात सगळं गाव मैदानात उतरलं, हॅरीसकट.