बॅटनबर्गचे माउंटबॅटन कसे झाले?

भारताचे शेवटचे व्हाइसरॉय लॉर्ड माउंटबॅटन यांचे नाव तुम्ही इतिहासाच्या पुस्तकात वाचलेच असेल. १९४७ च्या मार्चमध्ये ते दिल्लीला आले आणि १५ ऑगस्टला सत्तांतर झाले. कानाला हे आडनाव अस्सल इंग्रजी वाटते. पण गंमत अशी की, ते १९१७ साली मुद्दाम तयार करण्यात आले. त्याआधी या घराण्याचे आडनाव होते बॅटनबर्ग, आणि ते जर्मन होते!

भाषाशास्त्रज्ञ अशा नावाची फोड करून पाहतात. आपणही पाहू. जर्मन भाषेत ‘बेर्ग’ म्हणजे डोंगर. इंग्रजी वळणाने आपण त्याला ‘बर्ग’ म्हणतो. समुद्रात तरंगणाऱ्या हिमनगाला इंग्रजीत ‘आइसबर्ग’ म्हणतात, त्यातला ‘बर्ग’ हाच. छपाईकलेचा प्रवर्तक गुटेनबर्ग आणि पदार्थवैज्ञानिक हायझेनबर्ग यांच्या नावांतही हाच डोंगर दडलेला आहे. मात्र हँबुर्ग शहराच्या नावातला ‘बुर्ग’ निराळा. त्याचा अर्थ किल्ला.

जर्मनीत आडनावांची चाल साधारण बाराव्या शतकापासून शहरांमधून पसरू लागली. कोणाला धंद्यावरून आडनाव पडले. जसे, म्युलर म्हणजे पिठाची चक्की चालवणारा आणि श्मिट म्हणजे लोहार. कोणाला बापाच्या नावावरून, तर कोणाला गावावरून. बॅटनबर्ग या तिसऱ्या प्रकारातले. हेस प्रांतात एडर नदीच्या काठी या नावाचे एक लहानसे गाव आजही आहे.

मग हे घराणे त्या गावातून निघाले का? मुळीच नाही! त्या गावाच्या जुन्या सरदारांचा वंश चौदाव्या शतकातच संपला होता. पुढे १८५१ साली हेसच्या राजघराण्यातील अलेक्झांडर या राजपुत्राने युलिया हाउके या तरुणीशी विवाह केला. ती राजकुळातली नव्हती, म्हणून तिला व तिच्या मुलांना पतीचा दर्जा मिळू शकत नव्हता. तेव्हा त्यांच्यासाठी बॅटनबर्ग ही जुनी, रिकामी पडलेली पदवी शोधून काढण्यात आली. म्हणजे रक्ताचा धागा नसताना केवळ नाव हाती आले.

युलियाची मुले दूरदूर पांगली. एक मुलगा १८७९ मध्ये बल्गेरियाचा राज्यकर्ता झाला. दुसऱ्याने १८८५ मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या धाकट्या मुलीशी लग्न केले. थोरला लुई १८६८ साली, अवघ्या चौदाव्या वर्षी, ब्रिटिश आरमारात दाखल झाला. पायरी पायरीने चढत १९१२ मध्ये तो आरमाराचा सर्वोच्च अधिकारी झाला.

आणि १९१४ साल उजाडले. जुलैच्या अखेरीस, युद्ध तोंडावर आलेले असताना, सरावासाठी जमलेले आरमार पांगू न देण्याचा हुकूम लुईनेच काढला. तरीही युद्ध पेटताच लोक कुजबुजू लागले, ‘आडनाव जर्मन आहे, याचा भरवसा काय?’ शेचाळीस वर्षांच्या चाकरीपेक्षा दोन-चार अक्षरे जड ठरली. ऑक्टोबर १९१४ मध्ये लुईला राजीनामा द्यावा लागला. त्याच नावाचा त्याचा धाकटा मुलगा तेव्हा चौदा वर्षांचा नौदल-विद्यार्थी होता.

जर्मनद्वेष वाढतच गेला. जुलै १९१७ मध्ये इंग्लंडच्या राजानेही आपल्या घराण्याचे जर्मन नाव टाकून ‘विंडसर’ हे एका किल्ल्याचे नाव घेतले. त्याच महिन्यात बॅटनबर्गचेही भाषांतर झाले. ‘बर्ग’चे झाले ‘माउंट’. जर्मनमध्ये, आपल्या ‘हिमनगा’प्रमाणे, डोंगर शब्दाच्या शेवटी येतो. इंग्रजीत ‘माउंट एव्हरेस्ट’प्रमाणे तो आधी येतो. म्हणून माउंट-बॅटन! लुईची एक पुतणी मात्र १९०६ मध्येच लग्न होऊन स्पेनची राणी झाली होती. तिकडे ती शेवटपर्यंत बॅटनबर्ग म्हणूनच ओळखली गेली. एकाच कुटुंबाची अशी दोन नावे झाली.

आता शास्त्रीय दृष्टीने विचार करा. ‘बॅटनबर्ग’ वाचून कोणी म्हणाला, हे त्या गावच्या सरदारांचे वंशज, तर तो चुकेल. ‘माउंटबॅटन’ वाचून मूळचे इंग्रज म्हणाला, तरी चुकेल. आडनाव बापाकडूनच आले असणार, असेही धरून चालू नका. एलिझाबेथ राणीचे पती फिलिप यांनी १९४७ मध्ये माउंटबॅटन हे नाव घेतले, ते आईच्या माहेरचे! आडनाव हा पुरावा नव्हे, तो केवळ दुवा आहे. जन्मनोंदी, विवाहाचे कागद, सनदा यांच्याशी ताडून पाहिल्यावरच त्याचा खरा अर्थ लागतो. आणि माणसाची निष्ठा तर त्यातून मुळीच कळत नाही.

१९१४ मध्ये नौदल-विद्यार्थी असलेला तो मुलगा म्हणजेच पुढचे व्हाइसरॉय लॉर्ड माउंटबॅटन. आडनावापायी वडिलांना जे पद सोडावे लागले होते, त्याच पदावर १९५५ मध्ये ते स्वतः बसले.

जाता जाता एक कोडे. ‘श्टाइन’ म्हणजे दगड आणि ‘वेग’ म्हणजे रस्ता. श्टाइनवेग नावाचे पियानो बनवणारे एक जर्मन कुटुंब १८५० मध्ये न्यूयॉर्कला गेले. आज त्यांचे पियानो जगभर कोणत्या नावाने विकले जातात? त्या नावाचा कोणता भाग भाषांतरित झाला आणि कोणता तसाच राहिला, ते शोधा पाहू!