गॅसकडून विजेकडे : आधी गिझर, मग सौर, मग शेगडी

मी वॉर्डात काम करत होते तेव्हाची गोष्ट. थंडीचे दिवस होते. सकाळी सकाळी विशी-बाविशीतल्या एका मुलीला बेशुद्ध अवस्थेत आणलं. न्हाणीघराचं दार फोडून तिला बाहेर काढलं होतं. अंगावर जखम नाही, विषाचा वास नाही, चेहरा पांढराफटकही नाही. बोटाला लावलेल्या यंत्रात ऑक्सिजन 98 दिसत होता, म्हणून मी जरा निर्धास्त झाले. डॉक्टरांनी नातेवाइकांना एकच प्रश्न विचारला, "गिझर गॅसचा आहे का?" होता. खिडकी वर्तमानपत्र चिकटवून बंद केलेली होती, थंडी येते म्हणून.

गॅस जळायला हवा लागते. लहान, बंद खोलीत ती कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो आणि बोटावरच्या साध्या यंत्राला दोन्हींतला फरक कळत नाही. म्हणून आकडा चांगला दिसतो आणि माणूस गुदमरत असतो. ती मुलगी वाचली, पण कितीतरी दिवस तिला आदल्या दिवसाचं आठवत नसे.

तेव्हा घरातलं गॅसवरचं काय काय विजेवर न्यायचं असं कुणी विचारलं, तर माझं पहिलं उत्तर गिझर हेच असतं, शेगडी नाही. वीस लिटरची एक बादली आंघोळीपुरती गरम करायला साधारण अर्धा युनिट वीज लागते. विजेचा गिझर परवडत नसेल आणि रॉड वापरत असाल, तर बादली प्लास्टिकची घ्या आणि बटण बंद करून प्लग काढल्याशिवाय पाण्यात बोट घालू नका. भाजलेले आणि शॉक लागलेले दोन्ही रुग्ण मी पाहिलेत, म्हणून हे पुन्हा पुन्हा सांगते. आणि सध्या गॅसचाच गिझर असेल, तर आज संध्याकाळीच खिडकीवरचा कागद काढा.

आता शेगडी. चुलीवरून गॅसवर आलेल्या बाईने फार मोठा पल्ला गाठलेला आहे हे आधी समजून घेऊ. चुलीच्या धुराने फुप्फुसाचं जे नुकसान होतं, त्याच्या तुलनेत गॅस कितीतरी बरा. ज्या घरात अजून लाकूड जळतं, तिथे गॅस पोचवणं हेच पहिलं काम. पण गॅसच्या ज्योतीतून नायट्रोजन डायऑक्साइड निघतो आणि दहा बाय दहाच्या खोलीत, जिथे स्वयंपाक आणि झोपणं एकाच जागी, तो दम्याच्या मुलाला त्रास देतो. शिवाय नायलॉनचा पदर आणि उघडी ज्योत. इंडक्शनला ज्योत नाही. ज्यांना पेसमेकर बसवलेला आहे त्यांनी मात्र वापरण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना विचारावं.

खर्चाचा हिशेब सरळ मांडते, कारण दुकानदार तो मांडत नाही. 14.2 किलोच्या एका सिलिंडरवर जेवढा स्वयंपाक होतो, तेवढा इंडक्शनवर करायला साधारण 130 युनिट वीज लागते. महावितरणच्या बिलात पहिल्या 100 युनिटांचा दर कमी असतो आणि त्यापुढचा जवळपास दुप्पट. तुमचं घर आज 80 युनिट वापरत असेल आणि भात, डाळ, चहा एवढंच इंडक्शनवर नेलं तर महिन्याला 50-60 युनिट वाढतात. म्हणजे बरेचसे युनिट महागड्या टप्प्यात जातात. तिथे गॅसच स्वस्त पडतो. छतावर सौर पॅनेल असेल तरच हे गणित उलटतं.

आणि इथेच क्रम चुकला की नुकसान होतं. केंद्राच्या पीएम सूर्यघर योजनेत एक किलोवॉटला 30 हजार, दोनला 60 हजार आणि तीन किंवा त्याहून जास्तीला 78 हजार रुपये अनुदान आहे. 2025 मध्ये राज्याने त्यात ‘स्मार्ट’ योजनेची भर घातली. दारिद्र्यरेषेखालील घरं आणि महिन्याला 100 युनिटांच्या आत वीज वापरणारी घरं यांच्यासाठी ती आहे. एक किलोवॉटचा खर्च 50 हजार धरला आहे. त्यात दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाने भरायचे फक्त अडीच हजार. 100 युनिटांच्या आतल्या अनुसूचित जाती-जमातीच्या कुटुंबाने पाच हजार, इतरांनी दहा हजार. आधी शेगडी आणली, बिल 100 च्या पुढे गेलं आणि मग अर्ज करायला गेलात तर? म्हणून अर्ज आधी, शेगडी नंतर. जागा मर्यादित आहेत, आधी येणाऱ्याला आधी मिळतं.

एक किलोवॉटचं पॅनेल दिवसाला चारेक युनिट देतं, महिन्याला सव्वाशेच्या जवळपास, पावसाळ्यात कमी. 80 चं घर, वर 55 शेगडीचे, म्हणजे 135. त्यातले बहुतेक छतावरूनच निघतात.

कागदांकडे आत्ताच बघा. आपल्या वस्तीत निम्म्या घरांची वीजबिलं अजून सासऱ्यांच्या किंवा आजोबांच्या नावावर आहेत आणि ते जाऊन दहा दहा वर्षं झाली. आधी नाव बदलून घ्या. थकबाकी असेल तर ती मिटवा. जातीचा दाखला काढलेला नसेल तर तोही. केंद्राचं अनुदान यंत्रणा बसून तपासणी झाल्यावर बँक खात्यात येतं, तेव्हा सुरुवातीला किती पैसे हातात लागतील हे नोंदणीकृत विक्रेत्याकडून लिहून घ्या. दारावर येऊन रोख आगाऊ मागणाऱ्याला पैसे देऊ नका. भाड्याने राहणाऱ्यांना आणि पत्र्याच्या छपराखाली राहणाऱ्यांना यातलं फारसं मिळत नाही, हा या योजनांमधला मोठा खड्डा आहे आणि तो भरायची मागणी आपणच केली पाहिजे. बाबासाहेब 1942 ते 1946 या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते, तेव्हा विजेचं धोरणही त्यांच्याच खात्याकडे होतं. वीज हा आपल्या हक्काचा विषय नाही असं कुणी म्हणू नये.

शेगडी आणण्यापूर्वी वायरमनला बोलवा. दोन हजार वॉटची शेगडी जवळजवळ नऊ अँपिअर ओढते. मोबाइल चार्जिंगच्या सहा अँपिअरच्या साध्या पॉइंटवर ती चालवली की प्लग वितळतो. वेगळी जाड वायर, 16 अँपिअरचा पॉवर पॉइंट, चांगलं अर्थिंग आणि शॉक लागल्यास वीज तोडणारा स्विच, एवढं हवंच. बिलावर ‘मंजूर भार’ अर्धा किलोवॉट असेल तर तो वाढवून घ्या.

भांड्यांचंही सांगते. जर्मनची पातेली इंडक्शनवर तापत नाहीत. चुंबक घ्या आणि बुडाला लावून बघा. चिकटलं तर चालेल. लोखंडी तवा चालतो, बूड सपाट असेल तर. सगळी भांडी नवीन घ्यावी लागली तर तो खर्च शेगडीपेक्षा जास्त होतो, म्हणून एक कुकर आणि एक पातेलं यावर सुरुवात करा.

गॅसचं कनेक्शन परत करू नका. उज्ज्वलाचं अनुदान आहे, अन्नपूर्णा योजनेत पात्र बहिणींना वर्षाला तीन सिलिंडरचे पैसे मिळतात आणि पावसाळ्यात वीज जाते ती जातेच. नळी मात्र पाच वर्षांनी बदला, तिच्यावर तारीख छापलेली असते. माझ्याकडे भात, वरण आणि चहा विजेवर होतात. भाकरी अजून गॅसवरच, कारण ती फुगायला आच लागते आणि त्याबाबतीत आमच्या आई कुणाचं ऐकत नाहीत.